ठाण्याच्या खाडीत जायचे, पण तिथी पाहून

बाबांनी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात एकतीस वर्षे नोकरी केली. डोंबिवलीहून लोकलने ठाणे आणि तिथून कंपनीच्या बसने विटावा, दिघा करत कारखाना, असा त्यांचा रोजचा प्रवास असे, आणि ठाण्याची खाडी जाता-येता त्यांच्या बाजूलाच असे. आमच्या घरात मात्र खाडीचा विषय एकाच संदर्भात निघायचा: वास सुरू झाला की बसच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात. गेल्या डिसेंबरात वर्तमानपत्रातला रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, फोटो दाखवून माझ्या बारा वर्षांच्या मुलीने त्यांना विचारले, "आजोबा, तुम्ही हे रोज बघायचात?" बाबा जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आमच्या खिडक्या बंद असायच्या गं."

त्या उत्तरानंतर आम्ही चौघांनी, म्हणजे बाबा (वय ७४), आई (वय ७०, उजवा गुडघा दीड वर्षापूर्वी बदललेला), मी आणि मुलगी अशांनी, होडीतून खाडीत जायचे ठरवले. ठरवणे डिसेंबरात झाले आणि होडीत पाय पडला तो १ मार्च २०२५ रोजी. मधल्या काळात एक फेरी पूर्ण वाया गेली आणि एकदा पाचशे रुपये बुडाले. या दोन्हींचे कारण एकच होते, आणि ते आधी कुणी सांगितले असते तर बरे झाले असते असे वाटल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे.

तयारी म्हणून मी बरेच वाचन केले होते. खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग राज्य सरकारने ६ ऑगस्ट २०१५ रोजी रोहित अभयारण्य म्हणून घोषित केला, मालवणनंतरचे हे राज्यातले दुसरे सागरी अभयारण्य, २०२२ मध्ये ६,५२१ हेक्टरच्या क्षेत्राला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला आणि नांदूर मधमेश्वर व लोणारनंतर तो मान मिळालेली ही महाराष्ट्रातली तिसरी जागा, हे सगळे मला पाठ झाले होते. नोव्हेंबरपासून रोहित येऊ लागतात, संख्या वाढत लाखाच्या घरात जाते आणि मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर ते निघून जातात, हेही ठाऊक होते. पाणी कधी असते आणि कधी नसते, एवढे मात्र माझ्या वाचनात कुठेही आले नव्हते, किंवा आले असले तरी मी ते महत्त्वाचे मानले नव्हते.

पक्षी पाहायचे म्हणजे पहाटे निघायचे, अशी आपली समजूत असते. रविवार, १९ जानेवारीला आम्ही साडेसहाची लोकल धरली, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर आलो, दिघा गाव गेले आणि ऐरोली आले. स्थानकाबाहेरून रिक्षा करून खाडीकाठी पोहोचलो तेव्हा पावणेनऊ होत होते. गार वारा होता, आईने शाल घेतली होती, मुलीच्या गळ्यात मामाची दुर्बीण होती. समोर पाणी नव्हते. धक्क्याच्या पायऱ्या जिथे संपत होत्या तिथून पुढे ओला, राखाडी, चकाकणारा चिखल लांबवर पसरला होता, दोन होड्या त्यात एका कुशीवर कलंडून पडल्या होत्या, आणि पाण्याची एक चिंचोळी पट्टी पलीकडे मुलुंडच्या बाजूला कुठेतरी दिसत होती. रोहितही दिसत होते, पण इतक्या लांब की दुर्बिणीतूनही गुलाबी रेघेपलीकडे काही कळेना. नोंदणी केली नव्हती, ही आणखी एक चूक. तिथे जाऊन बघू, असा आपला नेहमीचा खाक्या.

धक्क्याच्या कडेला एक म्हाताऱ्या बाई पाटीतल्या चिंबोऱ्या निवडत बसल्या होत्या. चिंबोरीचे नांगे पाठीमागून धरून त्यावर सुतळीचा वेढा द्यायचा, गाठ दाताने ओढायची आणि ती दुसऱ्या पाटीत टाकायची, हे काम त्या आमच्याशी बोलता बोलता, खाली न बघता करत होत्या. होडी कधी निघेल, असे मी विचारताच त्यांनी मान वर केली.

"आता कंची होरी, बाय? पानी कुठं हाय? आज तिथी काय?"

मला अर्थातच माहीत नव्हते. आई म्हणाली, "वद्य पंचमी."

"मंग? पाचाची पाऊन पट कर. पावनेचारला भरती. त्याच्या सा तास आधी सुकती. म्हंजे दहाच्या आत काय पानी येत नाय."

हे ऐकून बाबा, जे तोवर परतीची रिक्षा शोधत होते, एकदम वळले आणि शाळेत म्हणत तशा चालीत म्हणू लागले, "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार." आमच्या पिढीने पाढे तीसपर्यंत कसेबसे केले, पावकी-निमकी-पाऊणकी तर नावापुरतीही ऐकली नव्हती. बाबांची पाऊणकी साठ वर्षे पडून होती आणि ती अशा ठिकाणी उपयोगी पडेल असे त्यांनाही वाटले नसावे. बाई मात्र त्यांच्याकडे पाहून एवढेच म्हणाल्या, "तुमी शिकलेले दिसता."

हा हिशेब थोडक्यात सांगते तसा आहे. शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की आपल्या किनाऱ्यावरच्या भरतीची अंदाजे वेळ मिळते. त्या वेळेला दिवसा आणि रात्री अशी दोनदा भरती, आणि प्रत्येक भरतीच्या सुमारे सहा तास आधी व नंतर ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरावी धरायची, म्हणजे सव्वाअकराच्या पुढे, दुपारी बाराच्या आसपास भरती येते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि पाणीही त्याच्या मागून तेवढेच रेंगाळते, त्यामुळे पाऊण तासाचा हा ठोकताळा जवळपास बरोबर बसतो. अष्टमीच्या आगेमागे, ज्याला भांग म्हणतात त्या दिवसांत, तो जास्त चुकतो, आणि खाडीच्या आतल्या टोकाला पाणी समुद्रापेक्षा थोडे उशिरा पोहोचते. म्हणून पाऊणकीवर दिवस निवडावा आणि मुंबई बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून वेळ पक्की करावी. मी घरी येऊन दहा तारखा ताडून पाहिल्या. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत फरक अर्ध्या तासाच्या आत राहिला.

त्या दिवशी होडी मिळाली नाही तरी ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्राच्या आवारातला खारफुटीतला लाकडी मार्ग पाहून झाला. आईच्या गुडघ्याला तो मानवला, कारण चढउतार नाही आणि हाताला कठडा आहे. ज्यांना होडीत बसणे जमणार नाही अशा वडीलधाऱ्यांना निदान तिथवर तरी जरूर न्यावे. इथली खारफुटी मुख्यतः तिवराची. ओहोटी असल्यामुळे तिवरांची श्वसनमुळे उघडी पडली होती. शिसपेन्सिली टोकाकडून वर करून हजारोंनी चिखलात खोचाव्यात, तशी ती दिसतात. तिवराचे पान उलटे करून उजेडात धरले तर त्यावर बारीक कण चमकतात. मुलीने बोट फिरवून जिभेला लावले आणि ते मीठ असल्याची खात्री करून घेतली. झाड जास्तीचे मीठ पानावाटे बाहेर टाकते, हे तिला पुस्तकात होते, पण पुस्तकातले ते वाक्य आणि ही चव यांची सांगड तिथे पडली. मुळांच्या मधून निवट्या उड्या मारत होत्या. हा मासा कल्ले ओले राहिले की चिखलावर बराच वेळ राहतो, पुढच्या परांवर रेटत सरकतो, आणि त्याचे डोळे डोक्याच्या वर बेडकासारखे बसवलेले असतात. सावली पडली की क्षणात बिळात जातो. आम्ही एका बिळाशी दहा मिनिटे बसलो आणि तो एकदाच डोकावला.

दुसरा प्रयत्न मी घाईत केला. कार्यालयातल्या एका मैत्रिणीने सहलीची जाहिरात पाठवली होती: शनिवार, ८ फेब्रुवारी, दुपारी एक वाजता होडी, सोबत जेवण, "हजारो फ्लेमिंगोंच्या मधोमध" वगैरे. आयोजकाचे नाव इथे देण्यात अर्थ नाही. चौघांचे मिळून पाचशे रुपये आगाऊ भरून टाकले आणि रात्री दिनदर्शिका उघडली. माघ शुद्ध एकादशी. बाबांनी लगेच म्हटले, "अकरा पाऊण सव्वाआठ." म्हणजे भरती सकाळी सव्वाआठला, ओहोटी दुपारी सव्वादोनला, आणि यांची होडी एक वाजता. मी फोन करून वेळ बदलणार आहे का, असे विचारले. पलीकडून उत्तर आले, "मॅडम, पक्षी दिवसभर असतात." पक्षी असतील, पण होडी कशावर तरंगणार, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते आणि आगाऊ रक्कम परत देण्याची पद्धतही नव्हती. पाचशे रुपये सोडून दिले. कुठल्याही सहलीचे पैसे भरण्याआधी होडीची वेळ विचारा आणि ती त्या दिवसाच्या भरतीशी जुळते का ते स्वतः पाहा. दर आठवड्याला सकाळी आठची एकच ठरावीक वेळ सांगणारा माणूस खाडीच्या भरवशावर धंदा करत नाही, एवढे यावरून समजावे.

तिसऱ्या वेळी क्रम उलटा केला. आधी तिथी, मग वेळ, मग नोंदणी. होडीला दोन गोष्टी एकाच वेळी हव्या असतात: आपण तरंगू इतके पाणी, आणि पक्ष्यांना खाता यावे इतका उघडा चिखल. भरपूर भरतीत होडी कुठेही जाते, पण चिखल बुडालेला असल्याने रोहित उठून नेरूळच्या बाजूच्या पाणथळींसारख्या आडोशाच्या जागी विसाव्याला गेलेले असतात. पूर्ण ओहोटीत पक्षी असतात, पण होडी निघत नाही. मधला, भरतीनंतर दीड-दोन तासांनी सुरू होणारा तास-दोन तासांचा काळ कामाचा. शनिवार आणि रविवारी असे दिवस शोधले तेव्हा १ मार्च सापडला, फाल्गुन शुद्ध द्वितीया, शनिवार. दोन पाऊण दीड. दीडला भरती, साडेतीनच्या सुमारास होडी.

नोंदणी १३ फेब्रुवारीला केली आणि सोळा दिवस थांबलो. शनिवार-रविवारच्या फेऱ्या, विशेषतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, लवकर भरतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांची सवड ठेवावी. फेऱ्यांच्या वेळा रोज पाण्याप्रमाणे बदलतात. दर होडीप्रमाणे आणि वाराप्रमाणे वेगळे असू शकतात, तेव्हा ते नोंदवतानाच विचारून घ्यावेत. प्रत्येकाचे नाव आणि वय द्यावे लागले, आणि आईच्या गुडघ्याचे मी आपणहून सांगून ठेवले. त्याचा उपयोग झाला, कारण धक्क्यावर तिला हात द्यायला माणूस आधीच उभा होता. आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा फोन करून वारा आणि वेळ विचारावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारनंतर वारा वाढतो आणि जोराच्या वाऱ्यात फेरी रद्द होऊ शकते, त्यामुळे त्याच दिवशी दुसरा मोठा बेत जोडू नये.

तो आठवडा विलक्षण उकाड्याचा गेला होता. दुपारी तीनला ऊन डोक्यावर असताना आम्ही केंद्रात पोहोचलो, प्रसाधनगृहात जाऊन आलो (होडीत सोय नसते, आणि वडीलधारी माणसे हे संकोचाने बोलत नाहीत, म्हणून आपणच आठवण करावी), लाईफ जॅकेट चढवली. आईचा पट्टा घट्ट होईना, तेव्हा होडी चालवणाऱ्या तांडेलांनी स्वतः येऊन तो बांधला. "मावशी, घट्ट राहू द्या, सैल असला तर काय कामाचा नाय." चढताना पाणी पायरीपासून हातभर खाली होते. उतरताना ते चांगले कमरेइतके खाली गेले होते, म्हणजे गुडघा दुखणाऱ्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणे जड जाते. पायऱ्यांच्या खालच्या टप्प्यांवर शेवाळ असते. रबरी तळव्याच्या, मागे पट्टा असलेल्या चपला घालाव्यात, साध्या चपला चिखल सहज काढून घेतो.

होडी निघाली ती दोन्ही बाजूंच्या तिवरांमधून, हळू. रातबगळे फांद्यांत पाठ वाकवून बसले होते, एक खंड्या आमच्या पुढे पुढे उडत राहिला. ऐरोली पुलाचे खांब मागे पडले तशी खाडी रुंद झाली आणि दोन्ही काठांना चिखलाच्या पहिल्या कडा पाण्यातून वर आलेल्या दिसू लागल्या. दुपारी सूर्य मुंबईच्या अंगाला असतो, त्यामुळे नवी मुंबईच्या काठावरचे पक्षी रंगासकट दिसतात आणि भांडुपकडचे नुसते काळे आकार. जागा निवडता आली तर हे लक्षात ठेवावे.

रोहित दिसले तेव्हा आवाज आधी आला. लग्नघरात पंगत बसली की लांबून जो एकसारखा गलका ऐकू येतो, त्याच्या जवळ जाणारा तो आवाज होता. तांडेलांनी यंत्र बंद केले आणि आम्ही ओसरत्या पाण्यावर तरंगत राहिलो. बहुतेक लहान रोहित होते, उंची जेमतेम पाऊण मीटरच्या वर, चोच गडद लालसर, जवळजवळ काळी. त्यांच्यात अधूनमधून मोठे रोहित उभे होते, त्यांच्याहून हात-दीड हात उंच, अंगाने पांढुरके आणि चोच गुलाबी, टोकाला काळी. दुर्बीण एका लहान रोहितावर स्थिर केली आणि पाच मिनिटे तिथेच ठेवली. मान खाली सोडून तो चोच उलटी करतो, म्हणजे वरचा जबडा खाली जातो, आणि ती चिखलाच्या पातळ पाण्यात डावी-उजवी फिरवत पावले टाकतो. जिभेने पाणी आत ओढायचे, चोचीच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर ढकलायचे आणि अडकलेले शेवाळ गिळायचे, हे सेकंदाला कित्येकदा चालते, कारण गळ्याखालची कातडी सारखी थरथरताना दिसते. त्या शेवाळातल्या रंगद्रव्यामुळे तो गुलाबी होतो. तो पुढे सरकला की मागे चिखलात नांगराच्या तासासारखी वळणावळणाची रेघ राहते. पिल्ले करड्या रंगाची, ती अजून रंग चढायची वाट पाहत होती.

होडीतल्या एका गृहस्थांनी "जरा जवळ घ्या, उडू देत, फोटो छान येईल" असा आग्रह धरला. तांडेलांनी ऐकले नाही. "त्यांची जेवायची येल हाय," एवढेच म्हणाले. नंतर एका घारीच्या सावलीने शंभरेक पक्षी आपणहून उठले, पंखांखालचा लाल आणि काळा रंग एकदम उघडला आणि यांना अग्निपंख का म्हणतात ते कळले. काठाला काळ्या शेपटीचे पाणटिवळे, शेकाटे आणि नावे न कळलेले छोटे तुतवार शेकड्यांनी होते. त्यांची ओळख पटवण्याचा नाद पहिल्या फेरीत करू नये, तासभर कुठे जातो कळत नाही.

परतताना बाबांना चिखलात रोवलेल्या काठ्यांची लांबलचक ओळ दिसली आणि त्यांनी ते कशाचे कुंपण आहे, असे विचारले. ते जाळे होते. ओहोटीला चिखलात काठ्या रोवून जाळ्याची खालची कड गाळात दाबून ठेवतात. पाणी भरून मासे आत, तिवरांच्या मुळांपर्यंत चरायला गेले की ऐन भरतीला वरची कड काठ्यांवर चढवतात, आणि पाणी ओसरताना बोय, कोळंबी, नशीब असेल तर एखादा जिताडा, आतच राहतो. चिखल उघडा पडला की चालत जाऊन वेचायचे. पलीकडे खोल पाण्यात डोल, म्हणजे पिशवीसारखी जाळी, लावली होती. तिचे रुंद तोंड प्रवाहाकडे आणि निमुळते टोक मागे, पाण्याच्या ओढीनेच तिच्यात मासळी भरते. म्हणून डोलीला उधाणाचे दिवस हवेत. भांगात पाण्याला ओढच नसते, तेव्हा माणूस जाळी विणायला घरी बसतो. काठालगत एक जण छातीपर्यंत पाण्यात उभा राहून पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, टाकत होता. पाग हवेत गोल उघडला, पाण्यावर पडल्यावर कडेचे शिसे टपटपले, आणि त्याने तो गोळा करून पाहिला तेव्हा आत दोन शिंगाळ्या आणि एक प्लास्टिकची पिशवी होती.

"पूर्वी एका सुकतीला पाटी भरायची," तांडेल म्हणाले. "आता चार सुकत्यांना भरली तरी नशीब." मग बाबांकडे पाहून, "काका, तुमी कुठं होता कामाला?"

बाबांनी कारखान्याचे नाव सांगितले.

तांडेलांनी सुकाणू थोडे वळवले. "हां. त्यांचा नाला आमच्याच बाजूला यायचा," ते म्हणाले. स्वरात तक्रार नव्हती, एखाद्या जुन्या शेजाऱ्याचा पत्ता पटावा तसे म्हणाले. बाबांनी काही उत्तर दिले नाही. धक्का येईपर्यंत ते त्या काठ्यांच्या ओळीकडे पाहत होते. मी ते सावरायला काहीतरी बोलायला गेले आणि आईने माझ्या हातावर हात ठेवला.

खर्चाचा हिशेब असा: होडी, प्रवेश, ऐरोली स्थानकापासूनच्या दोन्ही वेळच्या रिक्षा, लोकलची तिकिटे आणि चहा-बिस्किटे धरून चौघांचे २,३४० रुपये झाले, त्यात जानेवारीतली वाया गेलेली फेरी आणि बुडालेले पाचशे धरलेले नाहीत. दुर्बीण मामाची, फुकट. एका माणसाला अर्धा लिटर पाणी पुरत नाही, ऊन पाण्यावरून परतून तोंडावर येते. टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी हवी, आमच्या होडीतल्या दोन टोप्या खाडीला अर्पण झाल्या. ठाणे स्थानकावर फलाट बदलताना आईला उद्वाहकाने न्यायचे असेल तर दहा मिनिटे जास्त धरावीत.

धक्क्यावर त्याच बाई बसल्या होत्या. मला ओळखले नाही, बाबांना मात्र ओळखले. "पाऊनकीवाले आले," असे म्हणून त्यांनी पाटी पुढे केली. सहा चिंबोऱ्यांचे चारशे रुपये दिले. लोकलमध्ये पिशवीतून सारखी खुसखुस ऐकू येत होती आणि समोरच्या बाकावरच्या बाई पाय वर घेऊन बसल्या.

रात्री आईने कालवण केले. मुलीने नांगे फोडण्यासाठी बत्ता घेतला आणि ओट्याची वाट लावली. बाबा आमटी-भात जेवले. कालवणाची वाटी त्यांच्या पानाशी ठेवलेली होती, ती त्यांनी हलकेच माझ्याकडे सरकवली. कुणी काही विचारले नाही. हात धुऊन ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी गेले, पान उलटले, चष्मा कपाळावर नेऊन पानाजवळ डोळे नेले आणि म्हणाले, "सोळा मार्चला पुन्हा द्वितीया आहे. वद्य. रविवारही आहे."

त्या दिवशीच्या फेरीत जागा आहे का, हे विचारायला मी उद्या सकाळी फोन करणार आहे.